धर्मशाळेच्या पाटीवरचं नाव

१

"त्या बटनाला हात लावून बघ, बुद्धघोष. मग कळंल तुला मी कोण हाय ते."

"आई, बटन राहू दे. आधी चार घास खा आणि गाडीत बस."

"सकाळपासून तेच ऐकायलेय. पुणे, पुणे, पुणे! तुझ्या पुण्यात काय माणसं मरत न्हाईत?"

"इथं तू दूध गॅसवर ठेवून विसरतीस. पातेल्याचा कोळसा झाला तरी तुला वास येत न्हाय. शेजारच्या प्रेमाबाईनं धूर बघून मला फोन केला."

"प्रेमाबाईचं नाक लई लांब हाय. ते तिनं तिच्या घरात ठेवावं."

"कालपासून तू या खुर्चीवरून उठली न्हाईस, म्हणाली ती."

"उठले की. दोनदा उठले. मोरीत जायला काय प्रेमाबाईची परवानगी काढू?"

एरवी बुद्धघोष हसला असता. पण आईचं तोंड बघून त्याचं हसू आतल्या आत राहिलं. बाहत्तर वर्षांची केशरबाई खुर्चीत ताठ बसली होती आणि तिनं डावा हात आडवा करून भिंतीवरचं बटन झाकलं होतं. बाहेर व्हरांड्यात तिची पिशवी भरून ठेवलेली. ती त्यानंच भरली होती. फाटकाशी गाडी उभी होती.

मधल्या खोलीच्या कोपऱ्यात तो जुना कॉम्प्युटर घूं घूं करत होता. पिवळट पडलेला डबा, पोट सुटलेला मॉनिटर. काळ्या पडद्यावर इंग्रजीत एकच ओळ आणि तिच्याखाली उघडझाप करणारी एक रेघ. बँकेत दिवसभर इंग्रजीत सह्या ठोकणाऱ्या बुद्धघोषनं ती ओळ वाचली आणि सोडून दिली. दोन-तीन साधे शब्द होते. चौथीतून शाळा सुटलेल्या केशरबाईला मात्र त्या शब्दांनी कालपासून घास गिळू दिला नव्हता.

'कोण राहणार?' असं विचारलं होतं तिथं.

एप्रिल चालू होता. रोज दुपारी दोनला जाणारी लाइट कालपासून गेली नव्हती. हे त्या घरात फक्त केशरबाईच्या ध्यानात आलं होतं.

२

भांडण आजचं, पण त्याची मुळी बावीस वर्षांखालची.

कोर्टाच्या मागच्या गल्लीत शंभुलिंग सरांचा कॉम्प्युटर क्लास होता. केशरबाई तिथं झाडलोट करायची, पोरांची हजेरी मांडायची, संध्याकाळी यंत्रांवर फडकी टाकायची. जगदेवी तिथं टायपिंगला. मूळची नळदुर्गची, घरात कानडी, बाहेर मराठी. वयानं चार वर्षांनी लहान, म्हणून केशरबाईला अक्का म्हणायची. तिच्या कमरेला कायम एक पितळी अडकित्ता. विचारात पडली की सुपारी कातरायची. कट्. कट्. मग थांबायची, आणि तोंडातून काहीतरी शहाणपणाचं निघायचं.

दुपारी एक ते चार क्लास रिकामा असे. सरांनी कुठूनशी एक सीडी आणून एका यंत्रात भरली होती. रोल-प्लेइंग गेम, म्हणायचे ते. चार माणसांची टोळी करायची, त्यांना नावं द्यायची आणि अनोळखी मुलखात हिंडायचं. डोंगर, भुयारं, ओसाड गावं. नकाशा खेळ देत नसे. ज्याचा त्यानं काढायचा. केशरबाई गणिताच्या चौकटीच्या वहीत पाऊल मोजून काढायची. एक पाऊल, एक चौकट. तिचे नकाशे कधी चुकले नाहीत आणि तसं ती कुणालाही ऐकवायची.

टोळीत केशर, जगदेवी, बाबू आणि रेवणप्पा. बाबू म्हणजे केशरबाईचा नवरा. एसटीच्या वर्कशॉपात होता आणि झुरळ दिसलं तरी पलंगावर चढायचा. खेळात तिनं त्याला ढाल देऊन सगळ्यांत पुढं उभं केलं. रेवणप्पा हा जगदेवीचा थोरला दीर. "निदान इथं तरी माझं ऐकंल," म्हणाली होती ती. जगदेवीकडं जखमा बांधायचं काम.

केशरबाई इंग्रजी शिकली ती अशी. विहीर, दार, तहान, वचन, एकेक शब्द कोशात धुंडाळून वहीच्या कडेला लिहायची. क्लासमधल्या पोरांना तीन महिने घोकून जे येत नसे, ते तिला त्या मुलखानं शिकवलं.

त्या खेळात एक धर्मशाळा होती. तिचे नेम सोपे. टोळीत चारच माणसं मावत. पाचवं हवं तर चारांतलं एक धर्मशाळेत ठेवायचं. रखवालदार विचारायचा, 'कोण राहणार?' नाव टाइप केलं की भिंतीवरच्या पाटीवर खडूनं उमटायचं. ठेवलेलं माणूस परत न्यायचं झालं, तर त्याच्या जागी दुसरं ठेवावं लागे. आणि खेळातला दिवस एकानं पुढं सरकायचा तो कुणी धर्मशाळेत रात्र काढली तरच. नुसतं हिंडून दिवस सरत नसे.

शिवरात्रीला जगदेवी चार दिवस नळदुर्गला गेली. तेवढ्यात केशरबाई एका पुलापाशी अडली. पलीकडं जायला दणकट भाडोत्री गडी पाहिजे होता. टोळीत जागा नव्हती. केशरबाईला दम नव्हता. तिनं धर्मशाळेत जाऊन जगदेवीचं नाव टाइप केलं, गडी घेतला, पूल ओलांडला. मागं पूल कोसळला. आणि तिनं खेळ सेव्ह केला. यंत्रात जागा कमी म्हणून सरांनी सेव्ह करायला एकच खण ठेवला होता. नवं ठेवलं की जुनं पुसलं.

जगदेवी परत आली, पडद्याकडं बघितलं. टोळीत तिच्या जागी मिशीवाला गडी.

"मला विचारलं न्हाईस, अक्का."

चुकलं, एवढं म्हणायचं होतं. केशरबाई म्हणाली, "खेळ हाय. माणूस मेलं का?"

"मग कधी न्यायला येतीस मला?"

"आणते उद्या. पळून चाललीस का कुठं?"

पूल पडला होता, रस्ता नव्हता. हे केशरबाईला तेव्हाच ठाऊक होतं. महिनाभरात जगदेवीनं खोली सोडली, नळदुर्ग गाठलं. पुढं क्लासही बंद पडला आणि सरांनी ते एक यंत्र केशरबाईला देऊन टाकलं. नळदुर्ग काय, एसटीनं दीड तास. बावीस वर्षांत केशरबाईचा पाय उचलला नाही. आधी राग म्हणून, मग लाज म्हणून, आणि शेवटी लई दिवस झाले म्हणून.

३

बारा दिवसांखाली नळदुर्गहून फोन आला. जगदेवीची सून, गायत्री.

"मावशी, तुमचा नंबर लई मुश्किलीनं मिळाला. सासूबाईला लकवा झालाय. उजवं अंग गेलंय. तीन महिने झाले, वाचा बंद होती. आता चार दिवसांपासून एकच बोलायल्यात."

"काय बोलायलीय?"

"'अक्काला सांगा, धर्मशाळेतून न्यायला ये.' सारखं तेच, मावशी. आमी तुळजापूरला विचारलं, अक्कलकोटला विचारलं. त्या कवा कुठल्या धर्मशाळेत राहिल्या होत्या का? तुमाला ठाऊक हाय का काही?"

केशरबाईच्या हातात पाखडायच्या तांदळाचं सूप होतं. ते तिनं सावकाश खाली ठेवलं.

"बघते," म्हणाली.

"काय बघताव, मावशी?"

"बघते म्हणलं ना."

दुसऱ्या दिवशी तिनं मोबाइल दुरुस्तीवाल्या महांतप्पाला घरी आणलं. त्यानं डबा उघडून फुंकर मारली, तर खोलीत ढग झाला.

"काकू, हे म्युझियमला द्या."

"तुला विचारलं का मी? चालू कर."

तासाभरानं यंत्र चालू झालं. महांतप्पा हात पुसत म्हणाला, "घड्याळाचा सेल मेलाय बरं का. दर खेपंला याला वाटंल आज एक जानेवारी हाय. आणि आवाज न्हाय येणार. ते कार्ड जळलंय."

"आवाज कुणाला पायजे?"

तो गेल्यावर तिनं जुनी चौकटीची वही काढली. शेवटच्या पानावर तिच्याच अक्षरात: वीस मार्च, दिवस २१३. खेळ उघडला. टोळी पुलापलीकडं होती, जिथं सोडली तिथंच. बाबू ढाल धरून पुढं. सहा वर्षं झाली त्याला जाऊन. केशरबाईनं त्याच्याकडं नीट बघणं टाळलं.

कोपऱ्यात आकडा होता. दिवस ८२७१.

तिनं डोळे पुसले, चष्मा पुसला, काच पुसली. वजाबाकी मांडली. आठ हजार अठ्ठावन्न. त्याला वर्षांत बसवलं, लीप वर्षांचे सहा दिवस धरले. बावीस वर्षं आणि वर बावीस दिवस. भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोट ठेवून मोजलं. वीस मार्चपासून बाविसावा दिवस आजचाच.

यंत्राचा सेल मेला होता. पंधरा वर्षं ते माळ्यावर चादरीत बांधून पडलं होतं. आणि त्या मुलखात दिवस सरकतो तो कुणी धर्मशाळेत रात्र काढली तरच.

आठ हजार अठ्ठावन्न रात्री.

केशरबाईच्या बापानं छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हा देव आणि भुतं एकाच दिवशी घराबाहेर काढली होती. तिनं उभ्या जन्मात कधी लिंबू उतरवलं नाही, पोराची दृष्ट काढली नाही. गल्लीतल्या बायका अमावास्येला वळसा घालून जायच्या, तिथून ती मुद्दाम सरळ जायची. तिनं वहीत लिहिलं: 'यंत्र बिघडलेलं. आकडा चुकीचा.' खाली रेघ मारली.

दुसऱ्या दिवशी दुपारी आकडा ८२७२ होता.

४

मग ती रोज दुपारी बसू लागली. भांडी झाली की दाराला कडी, खिडकीला पडदा, मांडीवर वही.

पुलापाशी गेली. पूल पडलेलाच होता, पण नदीला पाणी नव्हतं. पात्रात दगड मांडलेले, एकापुढं एक, बाईच्या पावलाला झेपतील एवढ्या अंतरावर. असे दगड तिनं या खेळात पूर्वी बघितले नव्हते. 'तेव्हा ध्यान गेलं नसंल,' म्हणाली आणि टोळी उतरवली.

वाट तिच्याच नकाशांनी दाखवली. बावीस वर्षांपूर्वी काढलेली एकेक चौकट खरी उतरत होती. तिला बरं वाटलं, अगदी मनापासून. डोळे अधू झाले, गुडघे गेले, शेजारीण म्हणते डोकं गेलं. पण कोरड्या विहिरीपासून उत्तरेला अकरा पावलं म्हणजे अकराच. परत जाणं म्हणजे एवढंच असावं असं तिला वाटलं: आपण बदललो तरी मुलूख आपली वाट धरून बसलेला असतो. पूर्वी ज्या भुयारात दोघी हातात हात धरून ओरडल्या होत्या, ते आता केवढंसं वाटलं. राक्षस म्हणजे चार हिरवे ठिपके. जगदेवी असती तर हसून लोळली असती.

असं तिच्या मनात आलं, आणि घरात आवाज झाला.

कट्.

केशरबाई थांबली. यंत्राला आवाज नव्हता; महांतप्पानं सांगितलं होतं. पंखा बंद होता. तिनं कान दिला. लांब रेल्वेची शिट्टी, प्रेमाबाईच्या नळाची धार. मग पुन्हा.

कट्. कट्.

मागच्या खोलीवर पत्रा होता. उन्हानं पत्रा तापला की वाजतो. शाळेतल्या पोरालाही कळतं. ती उठून मागं गेली, पत्र्याखाली उभी राहिली. पत्रा वाजला. टण् असा वाजला, पसरट. हा आवाज तो नव्हता. हा बारीक आणि कोरडा होता, आणि तो मधल्या खोलीतून येत होता, जिथून ती आत्ता उठून आली होती.

ती परत आली तेव्हा खोलीत कुणी नव्हतं. खुर्ची, टेबल, खिडकीखालचा पलंग. पलंगावरची चादर सकाळी तिनं ताणून घातली होती. मधोमध थोडी दबलेली वाटली.

'मीच टेकले असंन,' म्हणाली. त्या दिवशी दूध जळलं.

५

धर्मशाळा दहाव्या दिवशी आली.

बाहेरून तशीच. दगडी चौकट, कंदील. आत रखवालदार, त्याच्यामागं भिंत, भिंतीवर पाटी. पाटीवर रोमन अक्षरात जगदेवी. खडू जराही पुसट नव्हता.

पूर्वी ही एवढीच एक खोली होती. आता पाटीच्या बाजूला दार दिसत होतं, उघडं.

केशरबाईनं पेन्सिलीला टोक काढलं. टोळी आत घातली आणि पावलं मोजायला सुरुवात केली. आधी लांबट पडवी, सहा चौकटी. मग उजवीकडं वळून मोठी खोली, पाच बाय पाच. उत्तरेच्या भिंतीला खिडकी. तिथून डावीकडं चूल. चुलीमागं अरुंद बोळ, बोळाच्या टोकाला पाण्याचा हौद. मागचं दार हौदाच्या उजव्या अंगाला, म्हणजे उघडताना अर्धं हौदावर आपटणार. तिला त्या गवंड्याचा राग आला, आणि मग पेन्सिल थांबली.

तिचं मागचं दार हौदावर आपटत होतं. पंधरा वर्षं ती महारुद्र गवंड्याला त्यापायी शिव्या घालत होती.

तिनं वही लांब धरली. व्हरांडा, मधली खोली, स्वयंपाकघर, बोळ, हौद. हे घर बांधलं दोन हजार नऊ साली. शेवटचा खेळ झाल्यावर सहा वर्षांनी. नकाशा तिनंच काढला होता, असल्याच वहीत.

'हाताला वळण लागलंय,' तिनं स्वतःला सांगितलं. 'हात आपलंच घर काढतो. पडदा काही म्हणू दे.' म्हणून तिनं वही मिटली, पेन्सिल दूर ठेवली आणि नुसती पावलं मोजली, मोठ्यांदा, शाळेत पाढे म्हणतात तशी. पडवी सहा. खोली पाच बाय पाच.

खिडकीखाली पलंग होता.

पलंगावर कुणीतरी बसलेलं होतं. खेळात जगदेवीचं चित्र म्हणजे सोनेरी केसांची तरणी पोर. सगळ्या औषधवाल्या बायांना तेच एक चित्र. ही ती नव्हती. ठिपक्याठिपक्यांनी काढलेली, पाठमोरी, पांढऱ्या केसांची एक गाठ. उजवा हात मांडीवर पडलेला, कुणी ठेवायला दिलेल्या वस्तूसारखा. डावा हात मात्र हलत होता.

केशरबाईचा स्वतःचा पलंग तिच्या पाठीमागं होता. खिडकीखाली.

कट्.

ती वळली नाही. बाहत्तर वर्षांत एवढं एकदाच ती भ्याली, आणि भ्याली हे तिनं स्वतःशी कबूल केलं. पडद्यावर ती ओळ उमटली: 'कोण राहणार?' त्यानंतर मागचा आवाज बंद झाला. जणू मागं जे कोणी होतं तेही आता उत्तराची वाट बघायला लागलं.

बऱ्याच वेळानं ती वळली. पलंग रिकामा होता. चादरीवर सुपारीच्या बारीक भुकण्या, कातरताना उडतात तशा, सांडल्या होत्या. केशरबाईनं जन्मात सुपारी तोंडात धरली नव्हती.

६

तिनं त्या भुकण्या झाडून टाकल्या नाहीत. चष्मा सारखा केला आणि कामाला लागली.

आधी भाडोत्री गडी. त्याचं नाव टाइप केलं. ओळ पुसली गेली आणि परत आली: 'कोण राहणार?'

रेवणप्पा. 'कोण राहणार?'

बाबूच्या नावाला तिचा हात अडखळला. "तुमाला काय, तुमी तर आधीच गेलाव," असं पुटपुटून तिनं ते नावही घातलं. ओळ पुसली. परत आली.

टोळीत आता एकच नाव उरलं होतं.

तिथून उठायचा एक रस्ता होता, भिंतीवरचं बटन. दाबलं की काळोख. उद्या महांतप्पाला बोलावून डबा म्युझियमला. कुणी विचारणारही नव्हतं. केशरबाईनं बटनापर्यंत हात नेला. मग तिच्या ध्यानात आलं की हे तिनं एकदा केलेलं आहे. तेव्हाही असंच सोपं होतं आणि तेव्हाही कुणी विचारणार नव्हतं; विचारणारी गावाला गेलेली होती.

तिनं हात मागं घेतला. दुपार झाली, संध्याकाळ झाली. दोनची लाइट गेली नाही. दाबायला धीर नाही आणि लिहायलाही नाही, अशी ती खुर्चीत बसून राहिली. कधी डोळा लागला कळलं नाही. जाग आली ती फाटकाशी वाजलेल्या बुद्धघोषच्या हॉर्ननं.

७

"आई," बुद्धघोष आता खालच्या आवाजात बोलत होता. स्टूल ओढून तिच्याजवळ बसला होता. सकाळपासून तुटक तुटक का होईना, तिनं सगळं सांगितलं होतं, आणि त्याच्या तोंडावरून तिला कळत होतं की सांगून चूक केली. "मावशी तिकडं अंथरुणावर हाय. डॉक्टर बघायलेत तिला. आणि हा खेळ हाय. खेळानं काय माणूस बरं होतं का?"

"असंच म्हणाले होते मी तिला. खेळ हाय, म्हणलं. माणूस मेलं का, म्हणलं."

"आणि त्या सुपाऱ्या महांतप्पाच्या असतील. तो कायम चघळतो."

"महांतप्पा गुटखा खातो. तुला फरक कळत न्हाय, मला कळतो."

"बरं. आकडा?"

"काय आकडा?"

"तूच खेळली असशील, आई. रोज खेळली असशील आणि विसरली असशील. त्या धर्मशाळेत तूच टोळी झोपवली असशील. म्हणून म्हणतो, पुण्यात एक चांगले डॉक्टर हायेत."

हे केशरबाईला लागलं, कारण हे तिनंही धरून बघितलं होतं. रोज नुसती नोंद करत आलेल्या तिच्या तर्कानं शेवटी हाच कागद पुढं केला होता: डोकं गेलंय. तसं असेल तर जगदेवी धर्मशाळेत नाही, भुकण्या नाहीत, आणि आपण उठून गाडीत बसायचं. सुखाचं होतं ते. पण मग गायत्रीचा फोन? तोही विसरण्यातच धरायचा का?

"पंधरा वर्षं ते माळ्यावर होतं," ती म्हणाली. "शिडी चढून मी वर बसून खेळले का? गुडघे हायेत का मला?"

बुद्धघोषनं माळ्याकडं बघितलं. त्याचा फोन वाजला. मधल्या खोलीत रेंज येत नसे. तो "हॅलो, हॅलो" करत व्हरांड्यात गेला, तिथून फाटकापर्यंत.

खोलीत केशरबाई एकटी राहिली. यंत्राची घूंघूं. कालपासून मागं जे शांत होतं ते शांतच. पण रिकाम्या खोलीची शांतता वेगळी असते, आणि कुणी बोलायचं थांबलेल्या खोलीची वेगळी. ही दुसरी होती.

केशरबाई मागं न बघता बोलली. बावीस वर्षं जे नळदुर्गच्या एसटीत बसून जाऊन सांगायचं होतं, ते भिंतीकडं तोंड करून सांगितलं.

"जगदेवी, माझं चुकलं गं. तुला विचारायला पायजे होतं."

पलंग करकरला. अंगावरचं वजन उतरल्यावर करकरतो तसा.

मग तिनं एका बोटानं, एकेक अक्षर हुडकत, स्वतःचं नाव लिहिलं. रोमनमध्ये सहा अक्षरं. एंटरच्या बटनावर बोट ठेवलं आणि दाबलं. पडद्यावर पाटी आली. जुनं नाव पुसलं जाताना दिसलं, आणि त्या जागी नवं उमटू लागलं, सावकाश, खडू दाबून लिहिल्यासारखं. पुरतं उमटलं आणि लाइट गेली.

थोड्या वेळानं बुद्धघोष धावतच आत आला. तोंड फुललेलं.

"आई! गायत्रीवहिनीचा फोन. तुझा लागेना म्हणून मला केला. मावशी उठून बसली! आत्ता, वहिनी माझ्याशी बोलत असतानाच. स्वतःहून. उजवा हात हलवला, अडकित्ता मागितला, सुपारी कातरून दाखवली म्हणं सगळ्यांला. घरात रडारड चाललीय आनंदानं. आणि विचारलं काय, सांगू? 'अक्का कुठं राहिली?'"

केशरबाईनं डोळे मिटले. बाहेर कुठंतरी प्रेमाबाई लाइटवाल्यांच्या नावानं ओरडत होती.

"ऐकलंस का? बरी झाली ती. आता तुझं इथं काय अडलंय?" काळ्या झालेल्या पडद्यावर त्यानं फडकं टाकलं, लहानपणी क्लासमध्ये तिला टाकताना बघितलं होतं तसं. "लाइटबी गेली. संपलं सगळं. उन्हं उतरायच्या आत निघू, जाताना वाटल्यास नळदुर्गला वळसा घालून मावशीला भेटू. ऊठ. हात दे."

त्यानं उजवा हात पुढं केला. केशरबाईनं डावा दिला. तिचा उजवा हात मांडीवर तसाच पडून होता, बोटं जराशी वळलेली. बुद्धघोषची नजर त्या हातावर गेली आणि तिथंच राहिली.

"आई? तो हात असा का धरलाय? ऊठ बघू. न्यायला आलोय मी तुला."

केशरबाईनं खोलीकडं एकदा नजर फिरवली. पडवी, खिडकी, पलंग, हौदाकडं जाणारा बोळ. चौकटी मोजाव्यात तशी. मग त्याच्याकडं बघून, अगदी मायेनं, म्हणाली,

"न्यायचंय तर ने, बाळा, पण माझ्या जागी इथं कुणाला ठेवतोस, त्याचं नाव आधी सांग."